मशीनशेजारी उघडी कादंबरी

बोरीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. गाव परभणी-जिंतूर रस्त्यावरचं. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया बँकेत, दवाखान्यात, बाजाराला आल्या की त्याच फेरीत ब्लाऊजचं कापड टाकून जातात. लग्नसराई आणि सणवार सोडले तर दुपार जरा सैल असते. त्या वेळात आमच्याकडे कादंबरी वाचली जाते. कधी मी वाचते, कधी परभणीला कॉलेजात शिकणारी माझी पुतणी सुट्टीत आली की ती वाचते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि हातशिलाईला येणाऱ्या मावशी ऐकायला असतात. त्या नुसत्या ऐकत नाहीत. मध्येच थांबवतात, विचारतात, लेखकाशी भांडतात. गेल्या काही महिन्यांत कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ संपली, रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ पुन्हा एकदा झाली, आसाराम लोमट्यांच्या कथा झाल्या आणि सध्या मनोज बोरगावकरांची ‘नदीष्ट’ चालू आहे. या वाचनातून मनाशी जे पक्कं होत गेलं ते लिहिते आहे.

१. पुस्तक ज्याच्या जगण्याबद्दल आहे, त्याला ते वाचून दाखवावं.

‘रिंगाण’ला २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यामुळे नाव ऐकून होते. धरणासाठी गाव उठतं, माणसं नव्या जागी जातात, काही जनावरं मागं राहतात. त्यातली आपली म्हैस परत आणायला एक माणूस पुन्हा त्या रानात जातो. तिथं भेटते ती त्याच्या गोठ्यातली म्हैस नसते, ती रानाची झालेली असते. भाषा कोल्हापूरकडची. आमच्या कानाला सुरुवातीची काही पानं जड गेली, पुढं सवय झाली. एकटीनं वाचताना माझं सगळं लक्ष त्या माणसाच्या आणि जनावराच्या झुंजीकडे होतं. खोतांनी रान, चढ-उतार, वास, पायाखालची माती इतक्या बारकाईनं लिहिली आहे की वाचणाऱ्याला दम लागतो.

आत्याबाईंचं माहेर पूर्णाकाठचं. येलदरीचं धरण आमच्याच जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर. ते १९६० च्या दशकात उभं राहिलं. त्यांचं गाव पाण्यात गेलं तेव्हा त्या परकरातल्या पोरी होत्या. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. लग्न होऊन मी या घरात आले त्याला बरीच वर्षं झाली. ‘आमचं गाव बुडालं’ या तीन शब्दांपलीकडे मला काही ठाऊक नव्हतं.

‘रिंगाण’ मोठ्यानं वाचायला घेतली आणि पहिल्याच दुपारी त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाल्या, “म्हशीला कोणी इचारलं व्हतं का, गाव सोडायचं का म्हणून?” मग त्या सांगायला लागल्या. घराची दारं, चौकटी, तुळया काढून बैलगाडीत घातल्या होत्या, कारण नव्या जागी लाकूड मिळायची शाश्वती नव्हती. चूल तशीच राहिली. त्यांच्या आईनं निघताना चुलीची राख पदरात बांधून घेतली, का घेतली ते तिनं कोणालाच सांगितलं नाही. एक म्हातारी शेळी दर दोन दिवसांनी जुन्या गावाकडं पळायची. पाणी चढलं आणि तिची वाटच गेली, तेव्हा ती काठावर उभी राहून ओरडायची. कमी पावसाच्या वर्षी धरण खाली गेलं की माहेरची माणसं गावाची जागा बघायला जाऊन येतात, हेही मला त्या दिवशी कळलं.

लेखकाशी त्यांचं एका बाबतीत पटलं नाही. जनावर दाव्याला विसरत नाही, मालकाला विसरत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. “माणसानंच आधी सोडलं असंल तिला,” असं म्हणून त्यांनी कादंबरीतल्या माणसालाच जबाबदार धरलं. मी त्यावर खूप विचार केला. माझ्या मते कादंबरी तेच सांगते, फक्त ती हे वाक्य कोणाच्या तोंडी घालत नाही. म्हशीचं बदललेलं रूप हा त्या माणसावरचा आरोप आहे. आत्याबाईंना तो ऐकू आला, कारण तो कोणावर आणि का होतो ते त्यांनी पाहिलेलं आहे. विस्थापितांवरची विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ मी पूर्वी वाचली होती. तिच्यात कचेऱ्या, कागद, मोबदला, पुढारी असा सगळा पट आहे. तो पट मला आवडतो, त्याची गरजही आहे. पण आत्याबाईंचं तोंड उघडलं ते एका म्हशीमुळे.

२. वाचलेलं कुठंतरी टिपून ठेवावं, पण थोडंच.

मापाच्या वहीची मागची पानं मी यासाठी ठेवली आहेत. पुस्तकाचं नाव, कुणी आणलं, कुणाकडे गेलं आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणी काय म्हटलं ते एका ओळीत. गोष्ट लिहून ठेवत नाही. ती पुस्तकात आहेच. माणसं काय बोलली ते मात्र कुठंच उरत नाही.

३. आपल्या धंद्यावरची कादंबरी दुसऱ्यांदा वाचावी.

मराठीतल्या दोन थोर ग्रामीण कादंबऱ्या शिंप्याच्या घरातल्या आहेत. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची, वऱ्हाडातली. बोराड्यांची ‘पाचोळा’ १९७१ ची, आमच्या मराठवाड्यातली. मी मशीन चालवून पोट भरते, म्हणून या दोन्ही पुस्तकांवर माझा जरा जास्तच जीव आहे.

‘धग’मधली कौतिक म्हणजे मराठी कादंबरीतली सगळ्यांत कष्टाळू बाई असावी. नवरा महादेव हातातून निसटत जातो, पुढं त्याला महारोग होतो. कौतिक मजुरी करते, उधार आणते, पोरांना शिकवायचं म्हणते, पुन्हा पडते, पुन्हा उभी राहते. शेळके तिच्यावर कुठंच दया दाखवत नाहीत. ती काय करते एवढंच दाखवतात. आज किती शेर दाणे घरात आहेत, उद्याला काय राहील, हा हिशेब त्या कादंबरीत सतत चालू असतो. ज्या घरात महिन्याचा किराणा वहीवर येतो, त्या घरातल्या बाईला तो हिशेब वाचताना धाप लागते. मावशींना लागली. त्यांनी हातातली हेमिंग खाली ठेवली आणि म्हणाल्या, “पुढं नगा वाचू आज.” आम्ही दोन दिवस पुस्तक उघडलं नाही.

‘पाचोळा’ मात्र बाई स्वतः सांगते. गंगाराम शिंप्याची बायको बोलत राहते आणि आपण तिच्यासमोर बसून ऐकतो. गंगाराम हा मानी माणूस. गावातल्या वजनदार लोकांशी त्याचं वाकडं येतं आणि एका घराची वाताहत होते. सगळी कादंबरी त्या बाईच्या बोलीत आहे, लेखक मध्ये बोलत नाही. बोराडे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. त्यांची बोली आणि आमची परभणीकडची बोली यांत थोडा फरक आहे, पण तो नात्यातल्या दोन घरांएवढाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले. बातमी कळली तेव्हा मी पुस्तक पुन्हा काढलं.

दुसऱ्या वाचनात मला जे दिसलं ते असं. गावातला शिंपी सगळ्यांची मापं घेतो. पाटील असो, सालगडी असो, छाती-कंबर-उंची त्याच्याच वहीत असते. तो प्रत्येकाच्या अंगाला हात लावतो आणि तरीही कोणाच्या बरोबरीचा होत नाही. सगळ्या घरांत जाणं-येणं आणि स्वतःच्या पाठीशी कोणीच नाही, ही त्याची अवस्था. जमीन असलेल्या माणसाचा मानीपणा गाव सहन करतं, पोटापाण्यासाठी गावावर अवलंबून असलेल्याचा करत नाही. गंगारामचा मानीपणा म्हणून त्याच्या घराला इतका महाग पडतो. तोच स्वभाव एखाद्या बागायतदाराचा असता तर कादंबरीच झाली नसती.

दोन्हींत मला जवळची कोणती, असं पुतणीनं विचारलं. मी ‘पाचोळा’ म्हटलं. कौतिकपुढं मी मान झुकवते, पण गंगारामच्या बायकोचं बोलणं मी रोज ऐकते. ब्लाऊजचा गळा कुठवर घ्यायचा ते सांगता सांगता बाया घरातलं सगळं सांगून जातात आणि तेही असंच, मधूनच सुरू करून, एक सुटं बोलून, पुन्हा मागं येऊन. हे बोलणं छापील पानावर आणायला केवढी मेहनत पडली असेल! ग्रामीण बोलीत लिहिलेली कितीतरी पुस्तकं दहा पानांत खोटी वाटायला लागतात, कारण त्यांत फक्त शब्द गावचे असतात आणि वाक्याची चाल शहरातली. बोराड्यांची चालच गावची आहे.

४. मोठ्यानं वाचण्याची पुस्तकं वेगळी निवडावीत.

मनात वाचताना सुंदर वाटणारं सगळंच ऐकायला चांगलं लागत नाही. लांब वर्णनं, लेखकाचं चिंतन, एका वाक्यात चार पोटवाक्यं आली की ऐकणाऱ्यांचे डोळे बाहेरच्या रस्त्यावर जातात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ऐकवायला सर्वांत चांगली. १९५५ चं पुस्तक, पण एकही शब्द शिळा झालेला नाही. लहान वाक्यं, प्रत्येकात एक गोष्ट. तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो, हळूहळू त्यांच्यातला होतो आणि शेवटी दुष्काळात वस्तीच रिकामी होते. दुष्काळाची प्रकरणं वाचताना आमच्याकडे कोणी हूं की चूं केलं नाही. मराठवाड्यातल्या माणसाला १९७२ आठवतं, नाहीतर आई-बापांनी सांगितलेलं आठवतं.

पु. ल. देशपांड्यांनी हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा ‘एका कोळियाने’ या नावानं अनुवाद केला आहे, तोही असाच ऐकवावा. म्हाताऱ्या कोळ्याचं आणि त्या अजस्र माशाचं युद्ध ऐकताना मावशी शिवण विसरल्या. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. येलदरीच्या धरणातले मासे विकायला येतात ते त्यांनी पाहिले आहेत, आणि दिवसभर जाळं टाकून रिकाम्या हातानं येणाऱ्या माणसाला त्या ओळखतात. क्यूबाचा समुद्र बोरीत आणायला तेवढं पुरलं.

मोठ्यानं वाचण्याचा आणखी एक मोठा दाखला मला फार आवडतो. कन्नडमधून एस. एल. भैरप्पांच्या ‘पर्व’, ‘वंशवृक्ष’ अशा कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी यांनी आपल्या ‘संवादु अनुवादु’ या आत्मकथनात त्यांची पद्धत सांगितली आहे. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचत आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवत. मराठी वाचकानं इतकी वर्षं जो भैरप्पा वाचला तो आधी एका घरात कानांनी ऐकलेला आहे. आमच्या दुपारच्या वाचनाला मी उगाच मोठेपणा देत नाही, पण हे वाचल्यावर मला खूप बरं वाटलं.

५. नाही रुचलं तर पुस्तक मिटावं.

पन्नास पानांत धागा लागला नाही की मी थांबते. पुरस्कारानं, लोकांच्या कौतुकानं माझ्यावर बंधन येत नाही. तेच पुस्तक चार-पाच वर्षांनी हाती घेतल्यावर पकडून ठेवतं, असंही झालं आहे. दुपारचा वेळ थोडा असतो, तो ओढूनताणून घालवू नये.

६. आपल्या जिल्ह्यातला लेखक आधी वाचावा, बाकीचे नंतर.

पुतणी परभणीच्या गणेश वाचनालयातून पुस्तकं आणते. तिथूनच बी. रघुनाथांची ओळख नीट झाली. नाव तसं लहानपणापासून कानावर होतं. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, सप्टेंबर आला की त्यांच्या स्मृतीचे कार्यक्रम होतात. पण सभागृहावर नाव असलेल्या लेखकाचं पुस्तक आपण वाचलेलं असतंच असं नाही. बोरीत मी ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी नाव ओळखलं. कादंबरीचं नाव सांगणारे फार थोडे निघाले. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि हे बदलावं असं वाटतं म्हणूनच इतकं सविस्तर लिहिते आहे.

भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३ चा, सातोना या गावातला. निजामाच्या राज्यात ते वाढले, शिक्षणासाठी हैदराबादला गेले आणि पुढं परभणीत बांधकाम खात्यात कारकुनी करत राहिले. राज्यकारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत, मराठी पुस्तकं छापणारे मोठे प्रकाशक पुण्या-मुंबईत, आणि हे दिवसभर कचेरीत फायली लिहून रात्री मराठी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिणार. सात कादंबऱ्या, त्याशिवाय कथासंग्रह आणि कविता. ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीत काम करता करताच ते गेले. वय चाळीस. ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.

हे सगळं माहीत करून घेऊन मी त्यांची पुस्तकं वाचली तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे त्यांचा कोरडेपणा नसलेला रोखठोकपणा. त्यांच्या लेखनात कारकून, छोटे शेतकरी, उतरणीला लागलेले वतनदार, हैदराबाद संस्थानातल्या अर्धशहरी गल्ल्या आहेत. त्या काळी पुण्या-मुंबईच्या कादंबरीत दिवाणखाने आणि ध्येयवाद भरलेले असताना हा माणूस परभणीच्या कचेरीतलं जग लिहीत होता. त्यांची भाषा आज थोडी अवघड वाटते. उर्दूचा शेजार तिच्यात मुरलेला आहे, आणि आत्याबाईंना तो आमच्यापेक्षा लवकर समजतो, कारण त्यांच्या वडिलांच्या बोलण्यात तो होता. जे शब्द पुतणीला कळत नव्हते ते आजी सांगत होती. शिकलेली मुलगी न शिकलेल्या आजीला विचारून मराठी कादंबरी वाचते, हे मी या पुस्तकांमुळे पाहिलं.

एक गोष्ट मला सारखी छळते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, म्हणजे आपल्या भाषेत मोकळा श्वास घेऊन लिहायला या लेखकाला जेमतेम पाच वर्षं मिळाली. पुढं १९९५ साली परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, नारायण सुर्वे अध्यक्ष होते. ते पाहायला हा माणूस असता तर ऐंशीच्या पुढं असता. त्यानं काय काय लिहिलं असतं याचा हिशेब कसा करायचा? म्हणून जे लिहिलं ते तरी जिल्ह्यातल्या प्रत्येक गावच्या वाचनालयात असावं, असं मला फार वाटतं. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ-ब-क-ड वर्गानुसार अनुदान मिळतं, गावोगावी वाचनालयाच्या पाट्या आहेत. त्या कपाटांत जिल्ह्यातल्या लेखकांचा एक कप्पा वेगळा ठेवायला पैसे फार लागणार नाहीत, कोणीतरी आग्रह धरायला हवा.

७. कथासंग्रह कादंबरीसारखा सलग वाचू नये.

आसाराम लोमटे परभणीत राहून पत्रकारिता करतात. ‘इडा पिडा टळो’ आणि ‘आलोक’ हे त्यांचे कथासंग्रह. ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथा लांब असतात. एक कथा संपली की आम्ही निदान आठवडाभर दुसरी काढत नाही. गावातलं राजकारण, शेतीचं मोडत जाणं, दुबळ्या माणसाला कोंडीत पकडणाऱ्या साध्या-साध्या घटना यांचा त्या इतक्या शांतपणे माग काढतात की पुढची कथा लगेच घेतली तर आधीच्या कथेवर अन्याय होतो. पत्रकार असल्यामुळे त्यांना तालुक्याची कचेरी, पंचायत समिती, निवडणुकीची रात्र आतून माहीत आहे. पण बातमीत जे मावत नाही तेच कथेत येतं. मावशींनी एका कथेवर बराच वेळ गप्प राहून एवढंच विचारलं, “हे सायेब आपल्याकडं कधी येऊन गेले?” शेतकरी चळवळीच्या पार्श्वभूमीवरची त्यांची ‘तसनस’ ही कादंबरी वाचायची आहे. सोयाबीनच्या सुगीनंतर ती घ्यायची असं ठरलंय, तेव्हा मामंजीही ऐकायला मोकळे असतील. शेतमालाच्या भावाच्या आंदोलनांत ते तरुणपणी गेलेले आहेत आणि त्यांचं ऐकल्याशिवाय ती कादंबरी आमच्याकडे पुरी वाचली जाणार नाही.

८. एकाच पुस्तकावर दोन पिढ्यांना भांडू द्यावं.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ची. गावाकडचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, वडिलांचे पैसे उडवतो, गॅदरिंगच्या सेक्रेटरीपणात हात पोळून घेतो, परीक्षा नीट होत नाही आणि शेवटी गावी परततो. मी ती कॉलेजच्या वयात वाचली होती आणि मला पांडुरंग सख्खा वाटला होता. आता पुतणी वाचते आहे. ती परभणीत तीन मुलींबरोबर खोली करून राहते, डबा स्वतः करते, बसच्या पासाचेही पैसे मोजते.

तिला पांडुरंगाचा राग आला. म्हणाली, “काकू, याला कंटाळा यायला बापाचा पैसा आहे. मला कंटाळा आला तर माझं लग्न लावतील.”

मी तिला मणीच्या मृत्यूचं प्रकरण पुन्हा वाचायला लावलं. धाकटी बहीण देवीनं जाते, आणि एरवी सगळ्याची टर उडवणारा पांडुरंग तिथं उघडा पडतो. मला वाटतं, त्या कादंबरीतली सगळी थट्टा या दुःखाच्या भोवती उभी आहे. पुतणीनं वाचलं, डोळे पुसले आणि तरी मत बदललं नाही. तिचं म्हणणं असं की मणीची गोष्ट मणीनं सांगितली असती तर ती वेगळी कादंबरी झाली असती आणि तिला ती वाचायची आहे. घरात पुरुषमाणसांच्या मर्जीवर सगळं चालतं आणि लहान मुलगी मरते, हे पांडुरंगाला दिसतं, तो चिडतो, रडतो, पण शेवटी मोकळा फिरतो तोच.

मला यावर उत्तर सुचलं नाही आणि सुचायला हवं असंही वाटलं नाही. मी इतकंच सांगितलं की एखादा लेखक आपल्याला इतकं अस्वस्थ करतो की त्यानं न लिहिलेली कादंबरी आपल्याला मागावीशी वाटते, तेव्हा त्याचं पुस्तक मोठं असतं. तिनं मान्य केलं नाही. नंतर मी तिला ‘पाचोळा’ दिली, कारण बाईच्या तोंडची गोष्ट तिला हवी होती. ती वाचून झाल्यावर म्हणाली, “ही लिहिलीय मात्र पुरुषानंच.” वाद चालू आहे.

९. चालू पुस्तकाबद्दल संपायच्या आधीच बोलावं.

पुस्तक संपलं की सगळं माहीत झालेलं असतं, मग बोलण्यात निकाल येतो. निम्म्यावर असताना फक्त कुतूहल असतं. ‘नदीष्ट’ आता निम्म्यावर आहे. नांदेडच्या गोदावरीची ही कादंबरी २०१९ मध्ये आली. रोज नदीवर पोहायला जाणारा माणूस आणि त्या नदीच्या आधारानं जगणारी माणसं असा तिचा ऐवज. घाटावर, वाळूत, डोहाशी जी माणसं भेटतात ती शहराच्या हिशेबात कुठंच धरलेली नाहीत. त्यांत एक तृतीयपंथी व्यक्ती आहे. तिचं प्रकरण वाचताना मला भीती होती की ऐकणाऱ्या बाया हसतील. कोणी हसलं नाही. बाजारात दुकानोदुकानी टाळी वाजवत येणाऱ्यांना आम्ही सगळ्याजणी पैसे देतो आणि वर पाहत नाही. मावशी म्हणाल्या की पुढच्या वेळी नाव विचारीन.

नदीबद्दल बोरगावकर जे लिहितात ते पोहणाऱ्या माणसाचं ज्ञान आहे. पाण्याची ओढ, थंडावा, खोली, अंधारातला काठ यांचं वर्णन त्यांनी अंगानं केलं आहे. काही ठिकाणी निवेदक थांबून जीवनावर बोलायला लागतो, तिथं ऐकणाऱ्यांचं लक्ष सुटतं. मी ती पानं जरा भराभर वाचते आणि पुन्हा पाण्यात येते. माझ्या मते पुस्तकाचा जीव माणसांत आहे, विचारांत कमी. पुढच्या निम्म्यात हे मत टिकतं का ते पाहायचं आहे.

आणि एक गोष्ट आम्हाला या पुस्तकाशी बांधून ठेवते. येलदरीतून सुटलेलं पूर्णेचं पाणी खाली सिद्धेश्वरच्या धरणात जातं, तिथून कालव्यांनी वसमतकडच्या शेतांत पसरतं, आणि नदीचं जे उरतं ते कंठेश्वराजवळ गोदावरीला मिळून नांदेडच्या घाटांकडे वाहत जातं. मी पुतणीला शाळेचा नकाशा काढायला लावला आणि आत्याबाईंना बोटानं वाट दाखवली. त्यांनी कादंबरीतल्या त्या पोहणाऱ्या माणसाची चौकशी केली. तो कोणत्या गावचा, घरचे काय म्हणतात, थंडीत तरी पाण्यात उतरतो का. मग म्हणाल्या की पुढची पानं त्यांच्या भाच्याला ऐकवायची आहेत, तो नांदेडलाच असतो, रविवारी येणार आहे, तोवर पुढं वाचायचं नाही.